लाभ

दाक्षायणी म्हणाली, मावशी, बोट इथं ठेवा.
इथं म्हणजे तुमच्या घाटीवर.
एकेचाळीस वर्षांत
शर्टाचं वरचं बटण लावण्यापलीकडं
माझा हात तिथं गेला नव्हता.

बेळगावच्या दवाखान्यात पडद्यावर दाखवलं होतं.
पांढरा घोट तुमच्या जिभेवरून घसरला,
दोन वाटा फुटतात तिथं येऊन घुटमळला,
मग थोडा भलतीकडंच गेला.
वाऱ्याची वाट वेगळी, अन्नाची वेगळी,
मधे एवढंसं झापड,
ते वेळेवर मिटत नव्हतं.
बॉर्डरच की ही, मागून कुणी तरी बोललं.
हसलं कुणी नाही.

संकेश्वरच्या मिरचीपेठेत तीस वर्षं
तुम्ही काट्यापाशी उभे.
पोतं फुटलं की धूळ उठायची,
घेणारा, देणारा, हमाल, दारातलं कुत्रं,
सगळी खोकून बेजार.
तुम्ही नाही.
आणि या माघात अर्ध्या कप चहानं
असा ठसका, की डोळे पांढरे.
कुणी तरी आठवण काढतंय, शेजारची रत्नव्वा म्हणाली.
काढू दे बाई, मी म्हटलं,
पण जरा हळू काढ म्हणावं.

आता चहा बंद. पाणीसुद्धा नुसतं नाही.
नाचणीची आंबील, मधासारखी,
चमच्याला धरून मग सुटेल अशी.
हनुवटी छातीशी.
गिळा. थांबा. पुन्हा कोरडंच गिळा.

दर मंगळवारी ती हुक्केरीहून येते,
कन्नडमधून सांगते.
तुम्हाला पेठेपुरतं कन्नड येतं, भाव आणि वजन,
गळ्याचं येत नाही.
म्हणून मी मधे बसते.
नुंगरी, ती म्हणते. गिळा, मी म्हणते.
इन्नोम्मे. अजून एकदा.
सावकाश, ती म्हणते,
तेव्हा मला काही काम उरत नाही.

जीभ दातांत धरून आवंढा गिळायचा, तोंडात घास नसताना.
उताणं पडून, खांदे न उचलता,
मान वर करून पायाची बोटं बघायची.
नखं वाढलीत, तुम्ही पाटीवर लिहिलंत.
आणि घाटी वर चढली की तिला तिथंच धरायचं,
दोन सेकंद,
मग सोडायचं.
हे तुम्हाला जमेना.
घामाघूम झालात. पाटी भिरकावलीत.

तेव्हा मी म्हटलं, इकडं बघा.
आवंढा गिळायला मला कुणी शिकवायला नको.
लग्नातला मानपान,
भावांनी सही घेतलेला कागद,
खानापूरच्या नर्सनं फडक्यात गुंडाळून नेलेलं ते,
जे रडलंच नाही.
बाईला घाटी नसते म्हणतात.
असते. दिसत नाही.
तुमचं बोट धरून माझ्या गळ्यावर ठेवलं.
अशी वर जाते,
आणि अशी धरून ठेवायची.
बराच वेळ तुम्ही बोट काढलं नाहीत.

नंतर रोज तीस वेळा. वहीत मी रेघा मारते.
काही दिवशी अकराच. एक दिवस कोराच गेला,
त्या दिवशी तुम्ही भिंतीकडं तोंड करून निजलात.

आज सहावा मंगळवार.
माझ्या बोटाखाली घाटी चढली,
थांबली,
थांबली,
उतरली.
आंबील आपल्या वाटेनं गेली, ठसका नाही.
मी एक म्हणणार,
त्याआधी तुम्हीच बोललात,
आवाज चिरका, पण कोरडा, घुरघुर नसलेला,
काट्यावरच्या पहिल्या पोत्याला
एक म्हणत नाहीत, तसं:
लाभ.

एनंदरु? दाक्षायणीनं विचारलं.
एक म्हणाले, मी सांगितलं.
तिनं मान हलवली. इन्नोम्मे.
माझ्याकडं न बघता
तुम्ही हनुवटी खाली घेतलीत.